वस्तादांशी बोलताना शिकवण्याबद्दल नेमके काय विचारावे?

गोदाकाठ (नाशिक)

नमस्कार मंडळी. मी बरीच वर्षे ज्युदो शिकलो आणि पुढे थोडाफार शिकवलाही. आता नाशिक शहर, भगूर, सिन्नर आणि येवला या भागातील ज्येष्ठ मल्लांना भेटून तालमीतील शिकवण्याची रीत त्यांच्या तोंडून लिहून घेण्याचे काम मी हौसेने हाती घेतले आहे. माणसे मनापासून बोलतात, चहा घेतल्याशिवाय उठू देत नाहीत. पण बोलणे बहुधा ठरलेल्या वाटेनेच जाते. पहाटेचे उठणे, हजारांत मोजलेले जोर आणि बैठका, बदामाची थंडाई, लंगोटाची शिस्त, मारलेली मैदाने, आणि शेवटी ‘हल्लीच्या पोरांत तो दम राहिला नाही’. यातले काही खोटे आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही, परंतु घरी येऊन वही उघडली की ज्यासाठी गेलो होतो तेवढेच तिच्यात नसते.

मला हवे आहे ते असे. नवख्या पोराला पहिला डाव कोणता द्यायचा हे वस्ताद त्याचा बांधा पाहून ठरवतात, की सगळ्यांना सुरुवात एकच असते? रोजची जोड कोण लावतो आणि कशावरून? मैदानात चितपट होऊन आलेल्या पोराला दुसऱ्या दिवशी काय करायला लावतात? ‘वस्ताद एक डाव राखून ठेवतो’ ही म्हण तर आपण राजकारणापासून नोकरीपर्यंत सगळीकडे वापरतो, पण तो राखलेला डाव कोणता आणि तो का राखला, हे कोणी एखाद्या वस्तादाला सरळ विचारल्याचे माझ्या कानावर आलेले नाही.

ज्युदोत हा प्रश्न बराचसा सुटलेला आहे. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये कोडोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली, 1895 मध्ये फेकींची पाच गटांत मांडणी झाली आणि 1920 मध्ये ती सुधारून प्रत्येक गटात आठ अशा चाळीस फेकी ठरल्या. कोणती आधी घ्यायची आणि कोणती मागाहून, याचा विचार त्या क्रमातच आहे. कुस्तीच्या वस्तादाच्या डोक्यातही असा क्रम असणारच. तो बाहेर कसा काढावा, हा माझा प्रश्न आहे. ज्यांनी अशी बोलणी केली आहेत किंवा जे स्वतः तालमीत वाढले आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

लाल माती

आपण जे करीत आहात ते मोलाचे आहे, म्हणून थोडे लांबलचक लिहितो. वस्तादाला खुर्चीवर बसवून समोर वही धरली की तो सत्कारमूर्ती होतो, आणि सत्कारमूर्ती जे बोलतो तेच आपल्याला ऐकायला मिळते. त्यात त्याचा दोष नाही. आयुष्यभर त्याला लोकांनी हेच विचारले आहे. म्हणून माझा पहिला सल्ला असा की घरी न जाता तालमीत जावे, तेही सकाळी माती उकरली जात असताना. पोरे फावड्याने हौदा, म्हणजे कुस्तीची मातीची जागा, खणून काढतात, ढेकळे फोडतात, माती सारखी करतात, आणि वस्ताद कडेला उभा राहून पाहत असतो. अधूनमधून तो मूठभर माती उचलून दाबतो. तिचा गोळा झाला पाहिजे आणि अंगठ्याने टोचताच तो फुटला पाहिजे. गोळा होत नसेल तर माती कोरडी आहे, ती उडून डोळ्यांत आणि नाकात जाणार. फुटत नसेल तर ती चिकट झाली आहे आणि गुडघा अडकून पिरगळण्याची भीती आहे. तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर हे मातीत का घालतात, किती घालतात आणि पावसाळ्यात प्रमाण बदलतात का, एवढे विचारून पाहावे. हा प्रश्न हातातल्या वस्तूविषयी असल्यामुळे त्याला भाषणाने उत्तर देता येत नाही.

दुसरे म्हणजे ‘तुम्ही कसे शिकवता’ असे कधीही विचारू नये. एक डाव धरावा आणि त्याच्यावरून हटू नये. उदाहरणादाखल कलाजंग घ्या. त्यात आपण समोरच्याचा दंड एका हाताने घट्ट धरतो, गुडघा टेकवत त्याच्या बगलेखाली डोके घालतो, दुसरा हात त्याच्या मांड्यांमधून घालून मांडी कवळतो, आणि धरलेला दंड खाली ओढत त्याला आपल्या खांद्यांवरून पलीकडे लोळवतो. हे वर्णन कोणीही करील. आता वस्तादाला विचारा की यात पोरगा हमखास कुठे चुकतो. आमच्याकडचे उत्तर असे होते की वजन खांद्यावर आल्याबरोबर पोरगा आनंदाने दंडावरची पकड ढिली करतो, मग समोरचा हात सोडवून घेऊन सगळे वजन मानेवर टाकतो आणि डाव करणाराच खाली जातो. म्हणून आमच्या वस्तादांनी कलाजंगाची सुरुवात उचलण्यापासून केलीच नाही. कितीतरी दिवस समोरच्याचा दंड धरून त्याला नुसते हौद्यात फिरवायचे, तो हात झटकत राहणार आणि आपण सोडायचा नाही, एवढेच चालायचे. त्यानंतर जोडीदाराशिवाय गुडघ्यावर बसणे, मान वर आणि नजर समोर ठेवून. आणि मग कुठे हलक्या अंगाच्या पोराला खांद्यावर घेणे. आपण म्हणता तो क्रम हाच आहे, फक्त तो चाळीस डावांच्या यादीत न सापडता एका डावाच्या पोटात सापडतो. पुढे ‘याची तोड काय’, म्हणजे यावर उलट डाव कोणता, म्हणून विचारावे. तोड विचारली की वस्ताद बसून राहू शकत नाही, तो दोन पोरांना हाक मारतो.

जोडीबद्दल आपण विचारले आहे, आणि माझ्या मते खरी शिकवण तिथेच असते. एका पोराला एकाच सकाळी तीन जणांबरोबर लढत करायला लावतात: एक वरचढ, जो त्याला खेळवील आणि चुकल्याबरोबर खाली घेईल, एक बरोबरीचा, ज्याच्याशी इरेला पेटून होईल, आणि एक कमी तयारीचा, ज्याच्यावर नवा डाव लावून पाहता येईल. हा तिसरा जोडीदार नसेल तर नवा डाव अंगात मुरतच नाही, कारण वरचढ माणूस तो लावू देत नाही आणि बरोबरीच्यावर लावायला धीर होत नाही. एखाद्या वस्तादाला कालच्या जोडी कोणत्या होत्या आणि तशाच का लावल्या, हे विचारून पाहा. माझा अनुभव असा की त्या उत्तरातून त्याच्या तालमीची अख्खी व्यवस्था उलगडते. याच ओघात एक आठवण करून देतो. जानेवारी 2020 मध्ये पुण्यात बालेवाडीला महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत झाली तेव्हा जिंकलेला आपल्या नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि समोरचा लातूरचा शैलेश शेळके, हे दोघेही काका पवार यांचेच पठ्ठे होते. आपल्याच हाताखालचे दोघे एकमेकांसमोर उभे राहणार असतील तर आदल्या आठवड्यात वस्तादाने कोणाला काय सांगायचे, हा प्रश्न लहानमोठ्या प्रमाणात प्रत्येक तालमीत येतो. तो विचारण्यासारखा आहे.

राहिली गोष्ट राखलेल्या डावाची. आमच्याकडे जे डाव राखले जात ते मत्सरापोटी नव्हे. मानेवर आणि सांध्यावर जाणारे काही पेच असे आहेत की ते कोवळ्या पोराच्या हाती दिले तर तो दुसऱ्या दिवशी आपल्याच जोडीदाराचा खांदा निकामी करून बसतो. ते कोणाला आणि कोणत्या वयात द्यायचे, एवढाच तो राखण्याचा अर्थ मला तरी दिसला. काही ठिकाणी दुसराही अर्थ असेल; तसा तो असल्यास वस्ताद सांगणार नाहीत.

गादी विभाग

लाल माती यांनी उत्तम लिहिले आहे, तरी दोन ठिकाणी माझे मत वेगळे आहे. मी मॅटवर, म्हणजे गादीवर, मुलांना शिकवतो, त्यामुळे माझे पाहणे थोडे निराळे असणार, हे आधीच सांगतो.

पहिली गोष्ट, मातीवरचा वस्ताद आणि गादीवरचा मार्गदर्शक यांना एकच प्रश्न विचारून चालणार नाही. मातीतल्या निकाली कुस्तीत गुण नसतात. समोरच्याला चितपट करायचे किंवा पंचांनी बरोबरीत सोडवेपर्यंत झुंजायचे. गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये तीस सेकंदांची विश्रांती, आणि फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपते. प्रतिस्पर्ध्याला नऊ मीटर व्यासाच्या रिंगणाबाहेर ढकलले तरी एक गुण मिळतो. त्यामुळे मातीत जो संयम गुण मानला जातो, खडाखडी, म्हणजे उभ्याने झटापट, करीत समोरच्याला दमवण्याचा, तोच गादीवर निष्क्रियता ठरून अंगलट येतो. पाय मातीत रुततो, गादीवर बुटाला पकड मिळते. म्हणून पटात शिरण्याचा, म्हणजे समोरच्याचे पाय धरायला झेपावण्याचा, वेगही वेगळा आणि गुडघ्याला होणारी इजाही वेगळी. आपला गामा आणि पोलंडचा मल्ल झ्बिश्को यांची उदाहरणे सगळ्यांना ठाऊक आहेत. 1910 मध्ये लंडनला गादीवर झ्बिश्को अडीच तासांहून अधिक वेळ बहुतेक खालीच चिकटून राहिला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. 1928 मध्ये पतियाळ्याला मातीत तोच झ्बिश्को एका मिनिटाच्या आत चितपट झाला. (अर्थात तोवर त्याचे वयही पन्नाशीच्या जवळ आले होते, हे आपले लोक सांगायचे विसरतात.) खाशाबा जाधव 1948 मध्ये लंडन ऑलिंपिकमध्ये गादीवरच्या नियमांना नवखे असूनही सहावे आले आणि चारच वर्षांनी हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवले. तेव्हा ज्यांनी उमेदीत माती सोडून गादी धरली अशा मल्लांना शोधा आणि त्यांना विचारा की कोणती सवय मोडायला सर्वांत जास्त त्रास झाला. मला स्वतःला सर्वांत नेमकी उत्तरे या एका प्रश्नावर मिळाली आहेत. एका ज्येष्ठ मल्लाने सांगितले की मातीत डाव लागल्यावर क्षणभर थांबून पकड पक्की करण्याची सवय होती, गादीवर त्या क्षणातच समोरचा उलटून गुण घेऊन जाई. आणि ती सवय मोडायला त्यांना डाव पुन्हा नव्याने, न थांबता, शेवटपर्यंत एका दमात करावे लागले.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. आपण ज्यांच्याशी बोलता ते सगळे टिकलेले आणि नाव मिळवलेले लोक आहेत. त्यांची रीत त्यांना मानवली म्हणून ते आज बोलायला आहेत. जे तालीम सोडून गेले त्यांच्याबद्दल विचारल्याखेरीज शिकवण्याची पद्धत पुरी कळणार नाही. किती पोरे पहिल्या पावसाळ्यानंतर परत आली नाहीत, का आली नाहीत, कोणाचा गुडघा गेला, कोणाच्या घरी खुराकाचा खर्च झेपला नाही? जुन्या तालमीत कान फुटणे ही शोभा मानली जाई. वस्तुतः कानाच्या पाळीत रक्त साकळते, ते पहिल्या काही दिवसांत डॉक्टरांकडून काढून घेतले नाही तर घट्ट होते आणि कान कायमचा वेडावाकडा होतो. नायट्यासारखे त्वचारोग अंगाला अंग लागून पसरतात, तेव्हा अशा पोराला लढतीपासून दूर ठेवायला हवे. वजन गटात बसवण्यासाठी वाढत्या वयाच्या मुलांना पाणी तोडायला लावणारे लोक आजही आहेत. हे प्रश्न अवघड वाटतात, पण मी पाहिले आहे की चांगल्या वस्तादाला ते आवडतात, कारण त्याच्या मनात ही नावे असतात आणि आजवर कोणी ती विचारलेली नसतात.

आणि ज्युदोविषयी एक. कानो यांनी तेनजिन शिन्यो आणि कितो या दोन जुन्या परंपरांत शिकून मग निवड केली. धोक्याचे प्रकार त्यांनी मोकळ्या सरावातून काढून ठरवून केलेल्या सरावात ठेवले. लाल माती यांनी सांगितलेला राखलेला डाव यापेक्षा फार दूर नाही. फरक इतकाच की तिथे कोण काय राखतो हे लिहिलेले आहे.

दोरखंड

मी नाशिकमध्येच मुलींना दोरीचा आणि पुरलेला मल्लखांब शिकवते, त्यामुळे हौद्यात उतरून प्रश्न विचारण्याची सोय मला कधी नव्हती. कित्येक तालमींत बाईने उंबरठ्याच्या आत येऊ नये असा दंडक होता आणि काही ठिकाणी तो अजून आहे. परंतु त्यामुळे मी निराळ्या माणसांशी बोलले. खुराकाच्या गोष्टी आपल्याला कंटाळवाण्या वाटल्या, कारण आपण त्या खाणाऱ्यांना विचारल्या. एका वृद्ध मल्लाच्या घरी मी त्यांच्या पत्नीजवळ बसले, त्या काकूंनी मला सांगितले की बदाम रात्री भिजवून सकाळी साल काढून वाटायचे काम त्यांचे आणि सासूबाईंचे. दूध कोणाला किती द्यायचे हे वस्ताद ठरवीत. आणि ज्या पोराचे दूध वस्तादांनी अचानक वाढवले तो पुढच्या जत्रेत मोठ्या कुस्तीला उतरणार, हे घरातल्या बायकांना मैदान ठरण्याआधी कळत असे. कोणत्या पोरावर केव्हा मेहनत वाढवली, याची याहून चांगली नोंद आपल्याला तालमीत मिळेल असे मला वाटत नाही.

मल्लखांबाचा धागाही आपण सोडू नये. बाराव्या शतकातल्या मानसोल्लास या संस्कृत ग्रंथात मल्लांच्या व्यायामात स्तंभावरच्या मेहनतीचा उल्लेख आहे, आणि दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ही विद्या पुन्हा उभी केली. त्यांनी वणीच्या सप्तशृंगीपाशी अनुष्ठान केले आणि तिथे त्यांना मारुतीकडून ही विद्या मिळाली अशी परंपरागत कथा आहे, म्हणजे आख्यायिकेचे गाव आपल्याच जिल्ह्यातले. इथे टाकळीला समर्थांचा मारुती, तिथे वणीला बाळंभटदादांचा. नाशिकच्या मल्लांनी याचा अभिमान बाळगला तर नवल नाही. माझ्या दृष्टीने मोलाची गोष्ट अशी की मल्लखांब हा हालचाल न करणारा जोडीदार आहे. एरंडेल चोळलेल्या खांबाच्या अंगावर मांड्यांची अढी घालून पकड टिकवणारी मुलगी समोरच्या माणसाला पायांत जखडायला वेगळे शिकत नाही. खांबाची मान आणि बोंड यांवर ज्या पकडी होतात त्यांतल्या कोणत्या कुस्तीत तशाच उतरतात आणि कोणत्या केवळ दिसायला छान आहेत, हे दोन्ही केलेल्या ज्येष्ठांना जरूर विचारावे. ‘मल्लखांबावरचा दसरंग हा प्रकार केल्याने कुस्तीला काय फायदा’ असे मी विचारले तेव्हा एका गुरुजींनी प्रामाणिकपणे सांगितले की डावाला फारसा नाही, पण उलटे होऊन पडताना जी भीती वाटते ती जाते.

बघ्या

एवढे विचारण्यापेक्षा महिनाभर माती उकरायला जा. सगळे आपोआप कळेल.

गोदाकाठ (नाशिक)

सर्वांचे आभार. बघ्या यांचा सल्ला तरुणपणी मानला असता. आता माझी कंबर मानणार नाही, आणि मातीत उतरलेल्या सगळ्यांना सगळे आपोआप कळले असते तर मला ही विचारपूस करावी लागली नसती.

लाल माती यांच्या सांगण्यावरून मी पंचवटीतील एका तालमीत सकाळी गेलो आणि वस्तादांना फक्त धोबीपछाडीबद्दल विचारले, कारण ती आमच्या खांद्यावरून फेकण्याच्या प्रकाराला जवळची आहे. ‘पोरगं यात कुठं चुकतं वस्ताद?’ एवढाच प्रश्न. ते म्हणाले, ‘पाठ द्यायला भितं.’ मग दोन पोरांना बोलावून त्यांनी दाखवले की समोरच्याचा हात खांद्यावर ओढून घेताना आपली पाठ त्याच्या छातीला पूर्ण चिकटली पाहिजे. पण कुस्तीत पाठ देणे म्हणजे मागून कवळून खाली जाणे, हे पोराच्या अंगात इतके भिनलेले असते की तो अर्धाच वळतो आणि मध्ये हातभर जागा राहते. ती जागा त्यांनी स्वतःचा पंजा दोघांच्या मध्ये घालून दाखवली. उपाय विचारला तर म्हणाले की पोरगा घट्ट झाल्यावरच, म्हणजे मागून धरलेल्यातून सुटायला शिकल्यावरच, ते धोबीपछाड देतात. ज्युदोत आम्ही ही फेक फार लवकर शिकवतो. जाकीट धरायला असते आणि पाठ देण्याची भीती कमी असते, म्हणून ते चालत असावे.

गादी विभाग यांचा सोडून गेलेल्या पोरांचा प्रश्न मी त्याच दिवशी शेवटी विचारला. वस्ताद काही वेळ नावे आठवत राहिले आणि मग त्यांनी सांगितले ते इथे लिहिण्याची परवानगी मी घेतलेली नाही, म्हणून लिहीत नाही. एक शंका आहे: अशा गोष्टी वहीत कशा नोंदवाव्यात? आणि पुन्हा जायचे तर केव्हा जावे?

लाल माती

नावे गाळून नोंदवा, आणि लिहिलेले त्यांना वाचून दाखवा, मोठ्याने, तालमीतच. जे खोडायला सांगतील ते खोडा. निम्म्या वेळा खोडण्याऐवजी ते आणखी सांगतात.

केव्हा जावे हे विचारलेत ते बरे झाले. दिवाळी झाली की जत्रांचे फड सुरू होतात आणि उन्हाळा संपेपर्यंत वस्ताद आज या गावात तर उद्या त्या गावात असतात. तेव्हा भेटले तरी डोके पुढच्या कुस्तीत असते. पावसाळ्यात जा. मैदाने बंद असतात, शाळा सुरू झाल्यावर नवी पोरे लंगोट बांधायला येतात, आणि ज्याला पहिला डाव द्यायचा आहे असा पोरगा तुमच्या डोळ्यांसमोर उभा असतो. मानसोल्लासात काय आहे ते तेव्हा विचारू नका. त्या पोराकडे बोट दाखवा आणि विचारा की याला काय देणार.